मोहोड सरांना मी पास केलं

आधी कबूल करून टाकतो. वरच्या मजल्यावरचे मोहोड सर गिटार शिकत होते तेव्हा ते रोज संध्याकाळी मला वाजवून दाखवायचे आणि मी रोज संध्याकाळी त्यांना पास करायचो. "मस्त, सर," म्हणायचो, अंगठा वर करायचो आणि ते गेले की दार लावून घ्यायचो. ते मस्त नव्हतं. मस्तच्या जवळपासही नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत मी हे शेजारधर्म म्हणून विसरूनही गेलो असतो. पण ज्या माणसाने आयुष्यात कोणालाही फुकट पास केलं नाही, त्याला मी फुकट पास केलं.

मोहोड सर गिटार घेऊन बसले की सगळ्यात आधी गळ्यात टॉवेल बांधत. टॉवेलाचं एक टोक मानेला, दुसरं गिटारच्या दांड्याला, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवलेलं. तारा दाबणारा डावा हात त्यात पूर्ण झाकून जायचा. लांबून पाहिलं तर माणूस दाढीला बसला आहे, न्हावी मधेच उठून गेला आहे आणि आता टॉवेलाखाली हा स्वतःच काहीतरी खाजवतो आहे, असं वाटे. गिटार शिकणारी माणसं सुरुवातीला मान वाकडी करून करून आपली बोटं बघतात. सर बोटं झाकून शिकत होते.

"बोटाले माहीत पायजे," ते म्हणत. "डोयाले नाही. डोया लबाड असते."

ही शिस्त कुठून आली ते मला चांगलं माहीत होतं. सीताबर्डीत एका अरुंद जिन्याच्या टोकाला सरांची टायपिंगची संस्था होती. माझ्यासारखी कितीतरी पोरं त्या जिन्यावरून वर चढली आणि कारकून होऊन खाली उतरली. तिथे प्रत्येक मशीनच्या अक्षरांवर पुठ्ठ्याचं खोकं असायचं. हात खोक्यात घालायचे आणि नजर समोरच्या कागदावर ठेवायची. सगळ्या मशीनी एकदम सुरू झाल्या की पत्र्याच्या छपरावर गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा. सर आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसत. आणि त्या गारांमधूनही त्यांना नको ते बटण ऐकू जायचं.

"गजानन," पेपर न हलवता ते म्हणत, "चूक."

"सर, थोडी स्पीड वाढवून पाहत होतो."

"स्पीड मंग येते गा. आधी चूक जाते."

कागद काढायचा, नवा लावायचा, पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. अर्धी चूक, छोटी चूक, चालण्यासारखी चूक, असले प्रकार त्यांच्याकडे नव्हते. कोणी हात जोडले, कोणी पेढे आणले, कोणाचे वडील येऊन बसले, तरी सरांनी कच्च्या पोराला परीक्षेला पाठवलं नाही. मला त्यांनी एकदा थांबवलं तेव्हा मी जिन्यात बसून रडलो होतो. पुढच्या खेपेला पास झालो आणि बँकेत लागलो. आता टायपिंगच्या संस्था राहिल्या नाहीत, सर सत्तरीला टेकले, आणि योगायोगाने हुडकेश्वरच्या एकाच इमारतीत आम्ही खाली-वर राहायला आलो. अजूनही ते जिन्यात दिसले की माझी पाठ आपोआप सरळ होते.

तर अशा माणसाने एका उन्हाळ्यात गिटार आणली आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "या कोजागिरीले कुसुमच्या एका गाण्याले मी साथ करीन. एकच गाणं. तीन कॉर्ड. चूक एकबी नाही."

कुसुम म्हणजे आमच्या काकू. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींनी जमून भुलाबाईची गाणी म्हणायची ही आमच्याकडची रीत. आमच्या इमारतीत ती काकूंच्या जिवावर टिकून आहे. मुलींना ट्यूशन असते, मोबाइल असतो, कंटाळा असतो. काकू एकेकीच्या दारात जाऊन "चाल वं बाई, दोन गाणे म्हणून जा" करत त्यांना गोळा करतात. गाणी त्यांना एकट्यांनाच पाठ आहेत. आवाज पातळ आहे, पण सूर सोडत नाही.

आणि कॉर्ड म्हणजे काय ते मला सरांनीच समजावलं होतं. दोन-तीन बोटांनी ठरलेल्या जागी तारा दाबायच्या, उजव्या हाताने सगळ्या तारा एकदम छेडायच्या, आणि मिळून जो एक भरलेला आवाज येतो तो कॉर्ड. त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं असतात. सरांच्या वाट्याला तीन आल्या होत्या: जी, सी आणि डी. सांगायला सोपं आहे. पण नवख्याचं एक बोट शेजारच्या तारेला चिकटतं, दुसरं अर्धवट दाबलं जातं, आणि भरलेल्या आवाजाऐवजी डब्यात खिळे हलवल्यासारखं काहीतरी निघतं. त्यात एका कॉर्डवरून दुसरीवर जायचं तर सगळी बोटं उचलून एकदम नव्या जागी ठेवायची. तोवर गाणं पुढच्या कडव्यात गेलेलं असतं.

सर बोटं ठेवताना कॉर्डचं नाव मोठ्याने पुकारत. जुनी सवय. संस्थेतही अक्षरं पुकारतच शिकवत. सकाळी सकाळी वरून आवाज यायचा, "जी! जी! सी! पुन्हा जी!"

स्वयंपाकघरातून काकू ओरडत, "काय पायजे जी? केव्हाचे जी जी करून राहिले!"

"जी!"

"लग्न होऊन म्हातारी झाली मी, इतका मान कधी दिला नाही यांनी," काकू जिन्यात माझ्या बायकोला, वंदनाला सांगत. "आता देऊन राहिले तं गिटारले."

काकूंची दुसरी तक्रार मात्र हसत केलेली नसे. "हे माझं आयकत नाहीत वं. मी बोलते अन् हे भिंतीकडे पाहून राहतात. पैले असे नव्हते."

वंदना म्हणायची, सगळेच नवरे असे असतात. मी त्या वेळी पेपरात डोकं घालून असायचो, म्हणून मी काही म्हणायचो नाही.

सर सुरुवातीला सीताबर्डीतल्या एका क्लासलाही गेले. तिथे शिकवणारा पोरगा त्यांच्या नातवाच्या वयाचा. दुसऱ्याच दिवशी सर क्लास सोडून घरी आले. येताना कॉर्डचा एक मोठा तक्ता विकत घेऊन आले. त्यात प्रत्येक कॉर्डसाठी सहा उभ्या रेघा आणि बोटं कुठे ठेवायची ते काळे ठिपके.

"काहून सोडला सर?"

"तो म्हणते, काका, कान लावून आयका." सर चिडले होते. "बोटाचं काम हाय, त्यात कान काहून मधात आणते? अन् काका कोन याचा?"

मी हसलो. सरांचा हेकटपणा म्हणून चार जणांना सांगितलंही. वंदनाने त्यांना एकदा सुचवलं, की गिटारपेक्षा पेटी शिका, भुलाबाईच्या गाण्यांना पेटी जास्त शोभेल. तर म्हणाले, "पेटी पोटाले धरता येते का?" तीही कथा आम्ही चवीने सांगितली.

त्यांची जिद्द मात्र अशी, की थट्टा करता करता आपणच ओशाळावं. पाणीपुरीवाल्याकडे ते द्रोण धरत तो सी कॉर्डच्या बोटांनी. मेट्रोत उभे राहिले की दांड्यावर डी. रांगेत माझ्या शेजारी असले की त्यांना माझा हात मोकळा दिसायचा आणि ते माझ्या मनगटाजवळ जी दाबून पाहायचे. "हालू नको, तार सरकते." डाव्या हाताच्या बोटांना आधी फोड आले, मग ते फुटले, मग तिथे घट्टे पडले. ते घट्टे ते लोकांना दाखवत. "पाय, दगड झाली."

पुढे ते बँकेत आधारची खातरजमा करायला माझ्याच शाखेत आले. आमच्या बाईंनी त्यांचं डाव्या हाताचं बोट यंत्रावर ठेवलं. यंत्र नाही म्हणालं. दुसरं ठेवलं, तेही नाही म्हणालं. बाई काळजीत पडल्या. सर खूश. "मशीन मले ओळखून नाही राहिली! लिहून घ्या मॅडम, गिटारनं ठसे पुसले माये." शेवटी उजव्या अंगठ्याने काम भागलं, तर जरा नाराज होऊनच घरी गेले.

आणि रोज संध्याकाळी माझ्या दारात परीक्षा. दार उघडलं की "वेळ हाय का?" असं विचारून, उत्तराची वाट न पाहता ते आत येत. मी म्हणायचो, "बसा सर, चहा?" ते घड्याळाकडे बघून म्हणत, "हो, सहा वाजले." बसायचे, टॉवेल बांधायचे, मोबाइलवर तारा जुळवायचं ॲप लावायचे. तारेगणिक पडद्यावर हिरवा दिवा लागला की त्यांचा चेहरा उजळायचा. मग गिटार पोटाशी घट्ट धरून, हनुवटी तिच्या लाकडाला टेकवून वाजवायचे. संपलं की माझ्याकडे रोखून बघायचे. आम्ही पोरं निकालाच्या दिवशी त्यांच्याकडे बघायचो, अगदी तसे.

पहिल्या दिवशी मी भिडेपोटी "मस्त" म्हणालो. दुसऱ्या दिवशी "मस्त" म्हणणं सोपं गेलं. नंतर मी समोर बसून मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघायला लागलो, आणि आवाज थांबला की मान वर करून अंगठा दाखवायला लागलो. कधी डोकं दुखत असलं तर कानात कापूसही घातला. आज लिहायला लाज वाटते, पण घातला.

"तुम्ही खरं काहून नाही सांगत त्यांना?" वंदनाने एकदा विचारलं.

"जाऊ दे नं. म्हातारा माणूस आहे. खूश होते."

"खूश करा म्हणून नाही येऊन राहिले ते तुमच्याकडे. तपासा म्हणून येऊन राहिले."

मी स्कोअर बघत होतो.

कोजागिरीला गच्चीवर आम्ही सगळे जमलो. ज्वारीच्या धांड्यांचा छोटा मांडव, त्यात मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी. दिवे नुकतेच लागले होते, दुधाचं पातेलं अजून चुलीवर चढायचं होतं. मुली गोल करून बसल्या. मध्ये काकू, नव्या काठाच्या लुगड्यात. त्यांच्या शेजारी खुर्चीवर सर, इस्त्रीचा शर्ट, टॉवेल, दोन चिमटे.

"आज आपल्याले साथ हाय पोरींनो," काकू म्हणाल्या. त्या लाजल्या होत्या. त्या वयात कोणी तसं लाजताना मी पहिल्यांदा बघत होतो.

गाणं सुरू झालं. सरांनी काकूंच्या तोंडाकडे नजर लावली आणि पहिली कॉर्ड वाजवली. जी होती, ती बरी वाजली. मग सी आली.

त्या आवाजाचं वर्णन मी करत नाही. मुलींपैकी एकीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. दुसरी तिच्या खांद्यात डोकं खुपसून हलायला लागली. दोन ओळींत अर्धा गोल गप्प झाला, तिसरीला सगळा. काकू एकट्या गात राहिल्या. सूर शोधत, पुन्हा पकडत, पुन्हा सोडत. शेवटी त्याही थांबल्या. पहिली ओळ मनासारखी जुळली म्हणून सरांनी तोवर डोळे मिटले होते. चेहऱ्यावर असं समाधान, की देवळात कोणी बसलं असावं. गाणं थांबलं होतं आणि साथ चालू होती.

तिसऱ्या मजल्यावरचे बोंडे मोठ्याने म्हणाले, "सर, गिटार वाजवून राहिले का लोखंड कुटून राहिले?"

सगळी गच्ची हसली. सर वाजवतच होते. काकूंनी त्यांच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. हसणारे चेहरे बघितले आणि तेही हसले. मग गर्दीतून त्यांनी मला शोधलं.

"कसं झालं, गजानन?"

आणि मी अंगठा वर केला. एवढ्या माणसांत नाही कसं म्हणायचं, अशी सबब मी तेव्हा स्वतःला दिली होती.

"मी म्हटलं होतं न," सर काकूंना म्हणाले, "गजाननचं पास हाय. कच्चं काम करत नाही तो. मायाच विद्यार्थी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनीही. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

मग खिरापतीची पाळी आली. भुलाबाईची खिरापत आमच्याकडे झाकणाच्या डब्यात आणतात. ती उघडून दाखवत नाहीत. डबा कानाशी वाजवायचा, आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. पूर्वी या खेळात सरांपुढे कोणी टिकत नसे. पोहे भाजके की तळलेले, इथपर्यंत ते सांगायचे. वातावरण सावरायला म्हणून असेल, एका मुलीने स्टीलचा डबा उचलला आणि थेट सरांच्या कानाशी नेऊन जोरात खडखडवला. आत फुटाणे होते. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहूनही मला कळलं की फुटाणे आहेत.

सरांनी डब्याकडे पाहिलं. थोडा विचार केला.

"वाजत नाही," ते म्हणाले. "म्हणजे शिरा हाय."

पुन्हा हशा. सगळ्यांना वाटलं, सर आज मजेत आहेत. फक्त मी हसलो नाही. मुलीच्या हातात डबा अजून हलत होता, आणि सर त्याच्याकडे असे बघत होते, जसं आपण लांबच्या पाटीवरचं अक्षर वाचायला बघतो. चहा आणि सहा. भिंतीकडे बघणं. क्लासच्या पोरावरचा राग. पोटाशी धरलेली गिटार. आम्ही चवीने सांगितलेल्या सगळ्या कथा माझ्यासमोर एका रांगेत येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यात एकही विनोदी नव्हती.

म्हणजे मी त्यांना नुसती खोटी शाबासकी दिली नव्हती. त्यांनी माझे कान उसने घेतले होते आणि मी त्यात कापूस घालून दिला होता.

दूध मला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरून आवाज आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. बोंड्यांनी गच्चीवरचा व्हिडिओ इमारतीच्या ग्रुपवर टाकला होता, खाली हसणारे चेहरे. सरांनी तो पाहिला असणार. ऐकू आलं नसेल, पण त्यांना तोंड दाबणाऱ्या मुली नक्की दिसल्या असतील. डोळा लबाड असतो म्हणणाऱ्या माणसाला डोळ्यानेच खरं सांगितलं.

संध्याकाळचे सहा वाजून गेले तरी दार वाजलं नाही. मी बूट घालून, पुन्हा काढून, पुन्हा घालून बसलो होतो.

"जिना तितकाच हाय," वंदना म्हणाली. "ते उतरून येत होते, तुम्ही चढून जा."

वर दार उघडंच होतं. काकू आत कणीक मळत होत्या. मला बघून नुसती मान हलवली. सर बाहेरच्या खोलीत बसले होते, गिटार पोटाशी धरून. मला वाटलं होतं त्यांनी सोडून दिलं असेल. ते सराव करत होते. डावा हात जी वरून सी वर जात होता, सी वरून डी वर, परत जी. उजवा हात मांडीवर स्वस्थ. तारा छेडत नव्हते. तक्ता समोर, आणि खोलीत काही आवाज नाही.

मी त्यांच्या समोर जाऊन बसलो, त्यांना माझे ओठ दिसतील असा. "सर, वाजवत काहून नाही?"

"लोकाले तरास होते म्हणे." ते व्हिडिओबद्दल एवढंच बोलले. "अन् मले काय? वाजवलं तं पोटात गुरगुर होते. नाही वाजवलं तं नाही होत. एवढाच फरक."

"कधीपासून सर?"

स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. निदान त्यांना वाटलं तो खाली आणला. प्रत्यक्षात ते चांगलेच मोठ्याने बोलत होते.

"संस्थेतच गेले कान. इतक्या मशीनी होत्या नं. पैले बारीक आवाज गेले, मंग पोरीबाईंचे गेले, मंग सगळेच. कानाचं यंत्र आणलं होतं गा. त्यात भांडे अन् माणसं सारखेच आदळते. ठेवून देल्लं." त्यांनी एक तार बोटाने नुसती चाचपली. "कुसुम गाते तवा तिचं तोंड हालते, ते दिसते. मी म्हटलं, तिचं तोंड हाललं अन् त्याच वेळी मायं बोट हाललं, तं तेवढं आयकू आल्यासारखंच झालं. म्हणून तीन कॉर्ड. तिले काही सांगू नको. तिले वाटते मी आयकत नाही. वाटू दे. आयकू येत नाही म्हटलं तं ती गाणं सोडून देईल."

आत कणकेचा आवाज थांबला होता.

मी मान खाली घातली, आणि खाली मला त्यांचा डावा हात दिसला. आज टॉवेल नव्हता. बोटं सी कॉर्डवर होती. मी तक्त्याकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं. बोटांचा आकार अगदी तक्त्यासारखा होता, कंपासने काढल्यासारखा. फक्त सगळा हात एक तार बाजूला सरकलेला होता. टायपिंग शिकलेल्या माणसाला ही चूक ओळखायला संगीत यावं लागत नाही. पहिलं बोट एक बटण बाजूला पडलं, की पुढची सगळी बोटं आपापलं काम चोख करतात आणि सगळी ओळ अगम्य उमटते. पहिल्या महिन्यात आम्ही सगळ्यांनी ती केली होती. ती सांगायला कोणीतरी लागतं. आम्हाला सर होते.

मी हात पुढे करून त्यांची बोटं एक तार वर सरकवली. एकेक करून. घट्टे खरंच दगडासारखे होते.

सरांनी हाताकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं. त्यांना समजायला क्षणही लागला नाही. त्यांचा चेहरा ताठ झाला.

"पैल्या दिवसापासून?"

मी मान हलवली.

"मंग तू रोज काय तपासत होता?"

"सर, मी..." मी पुटपुटलो.

"काय? आवाज काढ नं."

"सर, मी खोटं बोललो."

"कोठं चाललो?"

"खोटं! बोललो!" मी ओरडलो. खालच्या मजल्यावर कोणीतरी टीव्ही बंद केला. समोरच्या इमारतीत बोंड्यांचा भाचा राहतो, तो गॅलरीत आला. काकू कणकेच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, सरांकडे बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

सरांनी त्यांना विचारलं, "काय म्हणून राहिला हा?"

काकू त्यांच्या अगदी समोर आल्या, खाली बसल्या आणि एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "त्याले काही सांगायचं हाय. अन् मी गाणं सोडत नसते. तुमी वाजवा."

सर त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी खोकून गळा साफ केला आणि माझ्याकडे वळले. संस्थेत कागद हातात घेऊन उभे राहायचे, तसा आवाज लावला.

"हं, गजानन. पैल्यापासून सांग. मोठ्यानं, अन् स्पष्ट."

मी उभा राहिलो. सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा श्वास घेतला.

"सर, तुम्ही वाजवत होते अन् मी आयकतच नव्हतो! कानात कापूस घालून बसत होतो, अन् तरी तुमाले पास करत होतो! गच्चीवर चार लोकांत तुमचं हसं झालं ते माझ्यामुळे झालं! चूक तुमची नव्हती, माझी होती! मले माफ करा, सर!"